डोंगरातून पान, शहरातून कागद

मुळशी तालुक्याचं पूर्वेचं टोक म्हणजे हिंजवडी. डिसेंबर उजाडला की इथल्या काचेच्या इमारतींत ‘सीक्रेट सँटा’च्या चिठ्ठ्या निघतात आणि दोन-दोन पदव्या मिळवलेला एखादा इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत कॉफीचा मग आणि चकचकीत कागद यांच्याशी झुंजत बसतो. कागद एका बाजूला उरतो, दुसऱ्या बाजूला तोकडा पडतो. चिकटपट्टीचं टोक सापडत नाही. सापडलं की बोटालाच चिकटतं. मगाचा कान कागदाला भोक पाडून बाहेर डोकावतो. शेवटी हाती जे उरतं, त्याला भेटवस्तू म्हणण्यापेक्षा बोचकं म्हणणं बरं.

तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीच्या अंगाला, उन्हाळ्यात रस्त्याकडेला करवंदं-जांभळं विकणाऱ्या कातकरी बाया बसतात. त्यांच्यातली एखादी पान उचलते, त्याचा खोला वळते, काडी टोचते, करवंदं ओतते आणि गाडीच्या खिडकीतून आत देते. कात्री नाही, चिकटपट्टी नाही. गाडीचं इंजिन बंद करायचीही गरज पडत नाही.

इंजिनिअरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्याचं भांडण थेट भूमितीशी आहे. सपाट पृष्ठभाग न ताणता, न चुरगळता गोळ्यावर बसवता येत नाही, हे जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८२७ साली मांडलेल्या सिद्धान्तातून निघतं. जगाचा नकाशा सपाट कागदावर काढताना ग्रीनलंड फुगतं तेही त्याच कारणाने. शंकूची गोष्ट वेगळी. कागद एका कोपऱ्याभोवती फिरवला की शंकू आपोआप होतो, सुरकुती न पडता. म्हणून करवंदांचा खोला, फुटाण्याची पुडी, वाण्याकडची जिऱ्याची पुडी आणि मराठी लग्न ठरवताना मांडला जाणारा साखरेचा पुडा, सगळ्यांचा घाट एकच. जर्मनीत मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा त्याच्या हातात खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू देतात. ती चाल एकोणिसाव्या शतकापासूनची. गाउसच्या देशाला हे पटावं यात नवल नाही.

मुळशी आणि पुणे यांच्यामधली गुंडाळण्याच्या सामानाची ये-जा पाहिली, तर तिच्यात दोन काळ सरळ दिसतात. आधी पान डोंगरातून शहरात उतरलं. मग कागद शहरातून डोंगरात चढला.

पानांना मुळशीच्या रानात तोटा नव्हता. पळस, कुडा, साग ही कामाची झाडं. ‘पळसाला पानं तीनच’ असं आपण कितीही हताशपणे म्हणत असलो, तरी ती तीन पानं फार गुणाची आहेत: पंज्याहून रुंद, चिवट, ओली असताना दुमडली तरी न तडकणारी, आणि सुकल्यावरही पाणी शिंपडलं की पुन्हा मऊ होणारी. उन्हाळ्यात पानं गोळा करायची, सुकवायची, चळत बांधायची आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी लावायच्या, हे घरोघरचं काम होतं. गावगाड्यात ते गुरवाच्या वाट्याचंही होतं. देवाची पूजा, बेलाची पानं पोचवणं आणि लग्नाकार्याला पत्रावळी-द्रोण पुरवणं यासाठी त्याला बलुतं मिळे. गावातल्या सगळ्या वेष्टनांचा अधिकृत पुरवठादारच म्हणायचा तो.

पावसाळ्यात तर माणूसच पानात गुंडाळला जाई. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा पट्टा महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापासून कमरेखालपर्यंत इरलं असे: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर थरावर थर लावलेली पानं. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी. पुरुष घोंगडीची खोळ घेत. पुढे खताच्या रिकाम्या गोण्या आणि प्लास्टिकचे कागद आले आणि इरलं विणणारे हात कमी झाले.

मावळ-मुळशीच्या रानातल्या पानांचे भारे पुण्याच्या बाजारात जात. १८८६ साली रे मार्केट उघडलं, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. फुलं बांधायला पान, लोणी बांधायला पान, विड्याची पानं बांधायलाही पान. फुलपुडी हा या सगळ्यातला सुबक प्रकार. देवपूजेची चार फुलं, थोड्या दूर्वा, तुळस, बेल एका पानात ठेवून केळीच्या सोपटाने बांधायचं आणि रोज सकाळी गिऱ्हाइकाच्या दाराच्या कडीला अडकवायचं. पान आणि सोपट दोन्ही ओलसर, त्यामुळे फुलं दुपारपर्यंत ताजी. पूजा झाली की वेष्टन निर्माल्यात. पुण्याच्या जुन्या पेठांत वाढलेल्यांना ती दाराची कडी आठवते.

इथे एक गोष्ट लक्षात येते. या सगळ्या गुंडाळण्याचा हेतू वस्तू नेणं, टिकवणं, पावसापासून वाचवणं हा होता. ती लपवणं कुणाच्या मनातही नव्हतं. ‘आत काय असेल बरं?’ ही गंमत, म्हणजे वेष्टन फाडण्याचा तो सगळा सोहळा, मराठी देण्याघेण्यात जवळजवळ नव्हताच. उलट दिलेलं चारचौघांत दिसलंच पाहिजे. रुखवत मांडायचं ते पाहण्यासाठी. ओटी भरायची ती खण, नारळ, तांदूळ सगळ्यांदेखत पदरात घालून. घेणारीचा पदर हेच वेष्टन. दसऱ्याला आपट्याचं पान हातात ठेवतात, ते तर निव्वळ उघडं. आणि खेड्यातल्या लग्नात आहेर पुकारला जातो: अमक्या गावचे अमके, यांच्याकडून अमुक. शेजारी एक जण वहीत ते टिपत असतो, कारण त्यांच्या घरी लग्न निघेल तेव्हा तेवढंच, किंवा थोडं वरचढ, परत करायचं असतं. असा व्यवहार गुपचूप बंद खोक्यात कसा होणार?

झाकायचंच झालं तर कापडाने. लेक माहेरहून निघाली की तिच्यासोबत जाणारी पाटी किंवा दुरडी धुवट फडक्याने बांधलेली असे. आत करंज्या, लाडू, पापड्या. बुरडाने विणलेली दुरडी आणि फडकं दोन्ही परत येत, आणि रिकामी येत नसत. सासरकडून त्यात चार मूठ तांदूळ तरी पडत. दिवाळीत शेजारी फिरणाऱ्या फराळाच्या ताटांवर क्रोशाचा रुमाल असे, आणि ताट आलं की फराळाइतकीच चर्चा त्या विणकामाची होई. हिमाचलातल्या चंब्याचे भरतकाम केलेले रुमाल हे असेच भेटीच्या ताटांवर झाकायचे, आणि आज ते संग्रहालयांत आहेत. पुण्यातल्या-मुळशीतल्या आयाआज्यांच्या क्रोशाच्या रुमालांना अजून ते भाग्य लाभलेलं नाही.

कापडाच्या बांधणीवर मराठी सत्तेचा इतिहास तगून राहिला, हे म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांची गणना रुमालांत होते. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. त्यात कागदांचे जुडगे ठेवून चारी टोकं बांधायची. असे हजारो रुमाल तिथे आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते या गाठी सोडून. जपानमध्ये अशाच चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात. २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी कागदी आणि प्लास्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून या फुरोशिकीचा मुद्दाम प्रचार केला. आपल्याकडे गाठोड्याचा असा प्रचार कुणा मंत्र्याने केल्याचं ऐकिवात नाही. गाठोडं गरिबीचं चिन्ह समजलं गेलं ना.

मुळशीहून पुण्यात कापडात बांधून येणारी सर्वांत मानाची भेट म्हणजे आंबेमोहोर तांदूळ. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो म्हणून हे नाव. मुळा-नीला खोऱ्यातली खाचरं या भातासाठी नावाजलेली. पुण्यातल्या किती तरी घरी सणाचा वरणभात आणि गोडाचा भात मुळशीच्या तांदळाशिवाय होत नसे. त्याच खोऱ्यात टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती या लढ्यातून. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. पन्नासहून अधिक गावांना झळ पोचली, पाणी भरलं, १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या त्या विजेवर चालल्या. आंबेमोहोराची चांगली खाचरं तळाला गेली. तांदूळ उरलेल्या गावांतून येत राहिला, पण त्याची पुरचुंडी लहान झाली.

माणसंही मुंबईला जात होतीच. जेवणाचे डबे पोचवण्याचा धंदा महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास उभा केला, आणि त्यातले बहुतेक डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. दुसऱ्याचा ऐवज न सांडता, न बदलता योग्य हातात देण्याचं कसब या डोंगरी माणसांनी शहराला विकलं. हीच माणसं गावच्या जत्रेला किंवा गणपतीला घरी येत तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत आणि वळकटीत शहर भरून आणत: साडी, चोळीखण, पोरांना टोप्या, साबणाची वडी, बिस्किटांचे पुडे. गावातलं पोरगं त्या पुड्याचा कागद फेकत नसे. वहीला घालायला तो कामी येई.

कागदाची वाट तोपर्यंत उलटी सुरू झाली होती. त्याआधी कागद ही गुंडाळायची चीजच नव्हती. जुन्नरचा हातकागद प्रसिद्ध होता, पुण्यात कसबा पेठेजवळ कागदी लोकांचा कागदीपुरा होता. पण चिंध्या कुटून, लगदा करून, एकेक ताव उचलून आणि घोटून केलेला कागद सनदांना आणि पत्रांना पुरता पुरत नसे, तो हळकुंडं बांधायला कोण वापरणार? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गिरणीचा कागद स्वस्त झाला, मुंढव्याला कागदाची गिरणी निघाली आणि वर्तमानपत्रं वाढली. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला, १९३२ च्या जानेवारीत ‘सकाळ’. वाचून झालं की रद्दी. रद्दी वाण्याकडे. आणि वाण्याकडून पुडीच्या रूपाने पौडला, माल्याला, ताम्हिणीला. लिहिता-वाचता येणारं पोर पुडी सोडून सरकारवरचा अग्रलेख वाचतंय, मधला भाग तेलकट झाल्यामुळे मुद्दा निसटतोय, हे चित्र मराठी घरांत तीन पिढ्या तरी घडत राहिलं.

वाण्याची ती पुडी हे खरं तर शिकवण्यासारखं कौशल्य. डाव्या हातात कागदाचा शंकू, उजव्या हाताने माल, वरची कडा आधी दोन बाजूंनी आत, मग झाकण खाली. छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून आडवे-उभे दोन वेढे, बोटाभोवती एक पीळ, झटका. दोरा तुटतो, गाठ राहते. पाव किलो साखर घेऊन पोर धावत घरी आलं तरी दाणा सांडत नसे.

साखरेवरून साखरपुडा आलाच. लग्न ठरलं की मुलीच्या हातात साखरेचा पुडा द्यायचा, हा विधी ज्या काळात रुजला तेव्हा साखर रोजच्या खाण्यातली नव्हती. रोजचा होता गूळ. एकोणिसाव्या शतकात बाहेरून येणारी पांढरी साखर मॉरिशसवरून ‘मोरस’ म्हणून ओळखली गेली. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत कापडाबरोबर परदेशी साखरही बहिष्कारात आली, तेव्हा शुभकार्यातल्या पुड्यात कुठली साखर घालायची हाही राजकारणाचा प्रश्न होऊन बसला. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, देशात कारखाने निघाले. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. तरी महायुद्धाच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं साखर रेशनवर होती. कार्डावरच्या साखरेतून बाजूला काढलेला पुडा देणं म्हणजे खरोखरच काही तरी देणं होतं.

हा पुडा मराठी देण्याघेण्यातला सजवलेल्या वेष्टनाचा मुख्य अपवाद. पुठ्ठ्याचा उंच शंकू, त्यावर रंगीत चकाकता कागद, जरीची किनार, टिकल्या, मोती, टोकाला गोंडा. घरातली एखादी हातगुणाची मावशी दोन दुपारी लावून तो करी. आता तुळशीबागेत तयार मिळतो. लपवालपवी मात्र यातही नाही; आत साखरच आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत असतं. गंमत अशी, की साखर स्वस्त होत गेली तसा पुडा सजत गेला. आज कित्येकदा आत मूठभरच साखर असते, नाही तर पेढे.

गुंडाळण्याची खरी परीक्षा मात्र पोस्टाने घेतली. पार्सल कापडात शिवून, शिवणीवर लाखेची सीलं मारून देण्याची पद्धत टपालात फार काळ चालली. परदेशी जाणाऱ्या पार्सलांना तर ती हमखास लागे. लेक किंवा मुलगा अमेरिकेला गेला की दिवाळीच्या महिनाभर आधी घरी मांजरपाट येई, दाभण निघे, चकल्यांचा डबा कागदात, कागदाभोवती सुतळी, त्यावर कापड. डबा चौकोनी असला तर नशीब. गोल डब्याच्या कडेला कापडाची जी चुणी पडे, ती पोस्टातल्या कारकुनाला कधीच पसंत नसे. मग पत्ता शाईने लिहायचा, तो पसरायचा, पुन्हा गिरवायचा. मेणबत्तीवर लाख वितळवताना बोट भाजायचं. मुंबईच्या जीपीओबाहेर पार्सलं शिवून देणारे कारागीर बसत, ते या घराघरांतल्या हतबलतेच्या जोरावरच. आता कुरिअरवाले पुण्यात घरून फराळ नेतात आणि खोकी, फुगे असलेलं प्लास्टिक, वजन, कस्टमचा कागद सगळं तेच पाहतात. चकल्या तरीही मोडतात.

भेटीला सरसकट छापील कागद गुंडाळण्याची चाल आपल्याकडे उशिरा आली, आणि जिथून आली तिथेही ती फार जुनी नाही. १९१७ च्या नाताळात अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ टिश्यू कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या आतल्या बाजूला लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला ठेवला आणि तो हातोहात खपला. हॉलमार्क कंपनीचा वेष्टनाच्या कागदाचा धंदा तिथून सुरू झाला. पारदर्शक चिकटपट्टी रिचर्ड ड्र्यू याने ‘थ्रीएम’ कंपनीत १९३० साली आणली; तोपर्यंत तिकडेही दोरा आणि लाखच चाले. भारतात १९७९ साली दिल्लीत आर्चीज सुरू झालं, आणि पुढच्या दशकात पुण्यातल्या मुलांच्या वाढदिवसांना पानाफुलांच्या कागदात बांधलेले कंपासपेटीचे खोके जाऊ लागले. ‘फाडू नकोस, पुन्हा उपयोगी पडेल’ हे वाक्यही त्याच सुमाराचं. कागद गादीखाली जाई आणि पुढच्या वाढदिवसाला दुसऱ्याच घरी निघे.

आता त्या कागदाचंही जड झालंय. प्लास्टिकचा चकचकीत थर असलेला कागद रद्दीवाला घेत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा थर्माकोलच्या ताटवाट्या बंदीच्या यादीत गेल्या आणि पत्रावळ-द्रोणांना पुन्हा भाव आला, पण आता त्या यंत्रात दाबलेल्या. पुण्याच्या हातकागद संस्थेचं उद्घाटन १ ऑगस्ट १९४० रोजी जवाहरलाल नेहरूंनी केलं होतं, प्राध्यापक के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने ती उभी केली. चिंध्यांपासून केलेला तिथला कागद आज पत्रिका, पिशव्या आणि भेटीच्या खोक्यांसाठी घेतला जातो. सनदांपुरता असलेला कागद शेवटी गुंडाळायला आला, तो असा.

लग्नात मात्र पाकिटाने बाजी मारली. ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेत छापलेलं असलं तरी ते खिशात असतंच: लांबट, गणपतीचं चित्र असलेलं, वर एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं, म्हणजे शंभराचे एकशे एक करायला सुट्टे शोधायला नकोत. पौड रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयांत टॉवेल, टोपी, साडीचे मानपान अजूनही उघड्यावर होतात. त्यातली एखादी साडी तीन लग्नं फिरून मूळ मालकिणीकडे परतते. पाकिटं मात्र कोपऱ्यातल्या टेबलावर जातात. तिथे दोघं बसलेले असतात. एक जण पाकीट फाडतो, आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा वहीत नाव आणि गाव लिहून पुढे तो मांडतो. फाडलेली पाकिटं टेबलाखालच्या पिशवीत जातात, पण त्याआधी त्यांच्यावरची नाणी खरवडून काढली जातात. ती बेरजेत धरायची असतात.